तुळईवरची काळी रेघ

“हे पाय बे निवृत्ती! सोमवारी दोऱ्याएवढी होती, आन् आता?”

कोकिळाने दोन फोटो शेजारी शेजारी धरले. दोन्ही लोणारच्या सरोवराकाठच्या एका पडक्या मंदिराचे. तिचे वामनमामा मेहकरचे फोटोग्राफर, सध्या लोणारला मुक्कामी. दिवाळीच्या सुट्टीत भाची कोकिळा आणि शेजारचा निवृत्ती त्यांच्या कॅमेऱ्याची तिपाई उचलायला हौसेने यायचे. मंडपाच्या दगडी तुळईवरची काळी रेघ दुसऱ्या फोटोत बोटभर जाड झाली होती!

“मामा, तुळई फाटून राह्यली!”

“पोरी, सावली हाये ते! शेकडो वर्सं उभं हाये देऊळ, ते काय माह्याच फोटोले पडते?” मामा हसले. “उद्या सकाळी तिथंच बायाइचा फोटो काढतो. नव्या महाराष्ट्राच्या कॅलेंडरले!”

कोकिळाला काही ते पटेना. संध्याकाळी दोघे सरोवराच्या विवराचा उतार उतरून मंदिरात गेले. निवृत्ती पडक्या खांबावर चढला आणि त्याने भेगेवर ओल्या मातीचा लेप थापला.

“लेप फुटला, तं दगड हलते म्हणून समज!”

सकाळी ऊन विवरात उतरायच्या आत दोघे पुन्हा हजर. एकही मोर ओरडत नव्हता. रोज कळसावर बसणारी वानरं दूरच्या झाडांवर गुपचूप बसली होती. लेप मधोमध फुटला होता आणि भेगेतून पिठासारखी भुकटी झरत होती.

कर्रर्र...

“ऐकलं का बे?” निवृत्तीने वर बोट दाखवलं.

तेवढ्यात ऊन मंडपावर आलं आणि मामाही आले. मागे डोक्यावर घागरी घेतलेल्या पाच बाया. त्यांत सगळ्यांत पुढे सोजराबाई, कडेवर तान्हं लेकरू.

“मामा, लेप फुटला! आत नका नेऊ त्याइले!”

“मांगून सांग! ऊन सरकून राह्यलं!”

बाया बरोबर तुळईखाली उभ्या राहिल्या. मामांनी बाहेर तिपाई रोवली आणि डोकं काळ्या कापडात खुपसलं.

“हलू नका! एक...”

कोकिळाने वर तुळईकडे पाहिलं. आता कोण ऐकणार?

“दोन...”

“मोहोळ उठलं!” ती जिवाच्या आकांताने किंचाळली. “आग्या मोहोळ! पळा वं माय, पळा!”

निवृत्तीने डोक्यावर टॉवेल ओढला आणि तोही बोंबलत सुटला. मग काय! घागरी टाकून बाया धूम बाहेर पळाल्या.

मामा कापडातून लालबुंद होऊन निघाले. “कुठं हाये मोहोळ? काऊन खोटं बोलली तू?” त्यांचा हात वर गेला.

धाड्!

तुळई कोसळली. धूळ खाली बसली, तेव्हा दगडाखाली पाचही घागरी चेपून पत्रा झालेल्या दिसल्या. सोजराबाईंनी लेकराला छातीशी घट्ट धरलं. मामांचा उगारलेला हात कोकिळाच्या डोक्यावर आला.

“मी सावलीच पायत राह्यलो, पोरी. तुमी दोघाइनं दगड पाह्यला.”

दुपारी गावचे वडीलधारे भगवानराव आले. त्यांनी मंडपाच्या दारात बाभळीच्या काटेरी फांद्या लावल्या आणि निवृत्तीची पाठ थोपटली. “मोठ्याइले वाचवलं रे लेकराहो!”

मग सरोवराच्या काठावर साऱ्या बाया आणि मधोमध ही दोघं, असा फोटो निघाला. कळ दाबण्याआधी मामांनी दोनदा वर पाहिलं. वर नुसतं मोकळं आभाळ होतं.