सायलेन्सर कुठल्या बाजूला

दुसऱ्याची चूक दिसली की रघुवीर सामंतला राहवत नसे. लग्नपत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ असो की ठाकूरद्वारच्या नाक्यावरची वाकडी पाटी, तो थांबून सांगणारच. परळच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात हयात गेली. निवृत्त झाल्यावर तो सगळा काटेकोरपणा त्याने शर्यतीच्या जुन्या गाड्यांच्या प्रतिकृतींत ओतला. पितळी पत्रा ठोकून बॉडी, बारीक तारांची चाकं, चपलेच्या चामड्याची सीट. शर्टाच्या बटणाएवढ्या मीटरवरचे आकडे भिंगातून वाचता यायचे. बायको अनुजा म्हणायची, "घरातला नळ गळतो तो दिसत नाही, आणि परदेशातल्या मेलेल्या गाडीचा स्क्रू हरवला तर ह्यांना जेवण जात नाही."

जुन्या ओळखीच्या लविना आंटीसाठी एक गाडी करायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. आंटी गिरगावातल्या एका वाडीत, लाकडी जिन्याच्या जुन्या घरात भाचीबरोबर राहायची. भाची कॅरिसा बँकेत होती. आंटीचा थोरला भाऊ मॅल्कम तरुणपणी जुहूच्या धावपट्टीवरच्या शर्यतींत उतरायचा. गाडी त्याने स्वतःच भंगारातून जमवून बांधली होती, तशी दुसरी जगात नव्हती. ती कधीच मोडीत निघाली. मॅल्कमही गेला. मागे उरला एकच फोटो. समोरून जराशी तिरपी गाडी, एकट्याने बसायची मधोमध जागा, नाकाडावर इंग्रजी आठचा मोठा आकडा, शेजारी हसत उभा मॅल्कम. बॉनेटमधून निघून मागे गेलेला लांब सायलेन्सर गाडीच्या डाव्या अंगाला.

त्या फोटोवरून रघुवीरने गाडी उभी केली आणि दादरच्या प्रदर्शनात मांडली. प्रदर्शन संपलं की ती आंटीला भेट द्यायची, असं ठरलं होतं. आंटी मुद्दाम टॅक्सी करून आली, ठेवणीतला फ्रॉक घालून. तिला आता नीट दिसत नसे. तिने गाडी हातात घेतली आणि आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी बोटं फिरवली. आजूबाजूला माणसं जमली होती. रघुवीर कौतुकाची वाट बघत उभा होता.

"हा सायलेन्सर उलट्या बाजूला लावला रे, रघु," ती म्हणाली.

"नाही आंटी. डावीकडेच आहे."

"नाय रे बाबा. उजवीकडे होता. मी लहान होती ना, मॅल्कमने मला आत बसवली. उतरताना हा पाय टाकला, आन् चर्रकन भाजली." एवढं बोलून त्या म्हातारीने सगळ्यांदेखत फ्रॉक वर करून उजवी पोटरी दाखवली. तिथे रुपयाएवढा जुना चट्टा होता.

ह्यावर एखादा शहाणा माणूस गप्प बसला असता. रघुवीरने फोटो पुढे केला. "आंटी, तुम्ही लहान होतात. लहानपणीच्या आठवणी अशाच असतात. हातच्या काकणाला आरसा कशाला? फोटो खोटं बोलत नाही."

बघे हसले. एकाने तर "सामंतांची गाडी म्हणजे शंभर नंबरी" असं सर्टिफिकेटही दिलं. आंटीने फ्रॉक खाली केला, गाडी टेबलावर ठेवली आणि गाडीऐवजी स्वतःच्या पायाकडे बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात बाहेर पडताना रघुवीर आरशासमोर भांग पाडत होता. टेबलावर तो फोटो टेकवून ठेवला होता. त्याची नजर आरशातल्या आपल्या शर्टाच्या खिशावर गेली, मग फोटोतल्या मॅल्कमच्या खिशावर, आणि कंगवा केसांत तसाच राहिला. दोघांचे खिसे एकाच बाजूला दिसत होते. पुरुषाच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. मॅल्कमचा उजवीकडे होता. बटणंही उलटी.

फोटो उलटा छापला गेला होता. कुणीतरी फिल्म पालथी घातली होती. आठचा आकडा दोन्हीकडून सारखाच, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जन्मभर नकाशे वाचणाऱ्या रघुवीरच्याही नाही.

म्हातारीने अंगावरची खूण उघडी करून दाखवली होती आणि त्याने चार लोकांत तिला खोटं पाडलं होतं. ह्या लाजेला तोड नव्हती. त्याच पावली वाडीत जाऊन पाय धरायला हवे होते. पण लोक काय म्हणतील? सामंत चुकले? त्याने पळवाट काढली. गुपचूप सायलेन्सर उजवीकडे बसवायचा, गाडी आंटीच्या हातात द्यायची आणि बोलायचं काही नाही. कॅरिसाला त्याने फोन करून सांगितलं, "वार्निश वाळायचंय, जरा उशीर होईल."

डाव्या बाजूची भोकं त्याने डाग देऊन बुजवली, कानशीने सपाट केली, उजवीकडे नवी पाडली. नळी बसवली, रंग दिला, काचेच्या पेटीत ठेवली. काम उत्तम झालं होतं.

सकाळी अनुजा नाकाला पदर लावून खोलीत आली. "कुणाला एरंडेल पाजलंत हो? घरभर वास सुटलाय."

वास खरंच एरंडेलाचा होता, जळक्या एरंडेलाचा. जुन्या शर्यतीच्या गाड्यांत एरंडेलाचं वंगण घालत, हे रघुवीरला ठाऊक होतं. त्याच्या घरात मात्र त्याचा थेंब नव्हता. तो पेटीजवळ गेला.

सायलेन्सर डावीकडे होता.

त्याने भिंग घेतलं. उजवी बाजू गुळगुळीत होती. भोकाची खूण नाही, डागाचा उंचवटा नाही, रंगाला जोड नाही. त्या बाजूला कधी हातच लागला नसावा, अशी. त्याने नळीला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. नुकतीच बंद केलेली इस्त्री असावी तशी ती तापलेली होती.

आपण काल काम केलंच नाही, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण कानशीखाली सांडलेला पितळेचा भुगा अजून कागदावर होता.

त्याने सगळं पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं. ह्या खेपेला वास त्याच्या शर्टालाही लागला.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. रविवारी दुपारी, फोटो पिशवीत घालून, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून तो वाडीत गेला. कॅरिसाने दार उघडलं. आंटी आतल्या गॅलरीत खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर. दादरच्या मानाने ती फारच उतरली होती.

"आंटी, मी माफी मागायला आलोय," तो एका दमात म्हणाला. "फोटो उलटा छापलाय. तुमचं बरोबर होतं. सायलेन्सर उजवीकडेच होता. मी उगाच शहाणपणा केला, तोही लोकांसमोर."

आंटी त्याच्याकडे बघून गोड हसली. "काय बोलतो रे? डावीकडेच होता."

"नाही आंटी. तुम्हीच म्हणालात..."

"मी चुकीचं बोलली. तू बोलला ना, फोटो खोटा नाय बोलत. मंग घरी येऊन बघितलं मी." आणि तिने फ्रॉकची कड वर केली.

चट्टा डाव्या पोटरीवर होता. जुना, रुपयाएवढा.

रघुवीर खाली वाकला. त्याला आपली लाज वाटत होती तरी तो वाकला, आणि त्याने उजवी पोटरी निरखून पाहिली. सुरकुतलेली कातडी होती. दुसरं काही नव्हतं.

"दादरला तुम्ही हा पाय दाखवला होता," तो पुटपुटला.

"आता मला नको फसवू, रघु." तिने फ्रॉकची कड खाली ओढली. "म्हाताऱ्या माणसाला असं करत नाय."

त्याच्याच्याने तिथे थांबवेना. मागायला आणलेली माफी घ्यायला आता कुणी उरलं नव्हतं. कॅरिसा त्याला सोडायला जिन्यापर्यंत आली. आंटीला ऐकू जाऊ नये म्हणून तिने दार ओढून घेतलं.

"अंकल, तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. तब्येत बरी नाही तिची. परवा कार्डिओग्राम काढला ना, तर टेक्निशियन म्हणाला, तारा उलट्या लागल्या. परत काढला, तरी तसाच."

"मग?"

"मग डॉक्टर आले. स्टेथोस्कोप लावून किती वेळ शोधत होते."

"काय शोधत होते?"

"ठोके. सापडले म्हणा, पण इकडे." कॅरिसाने आपला हात उजव्या छातीवर ठेवला. "डॉक्टर म्हणाले, हे जन्मापासून असतं, एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं कसं नाही? आंटी बिचारी इतकी शरमली! त्यांनाच सॉरी सॉरी करत होती. म्हणे, माझंच कायतरी चुकलं असेल."