आजीव सभासद

काचेपलीकडच्या वासराने जमिनीवरचे फडके हुंगले आणि त्याचे चारही पाय लटपटू लागले. जन्मून जेमतेम आठवडा झालेला, शिंगांच्या जागी नुसत्या दोन गाठी. तरी त्याने मान खाली घातली, खुराने माती उकरली आणि केविलवाणे हंबरत ते फडक्यावर धावून गेले.

"याची आई याला जन्म देऊन लगेच मेली. तेव्हापासून मी बंद पोशाख घालून याला दूध पाजतोय," डॉ. शकील बागवान म्हणाला. "आपल्या एकाही सभासदाचा वास याच्या नाकाला लागलेला नाही. आज पहिल्यांदाच."

डॉ. ऋजुता कानविंदे काचेजवळ सरकली. फडक्याला लावलेला वास तिनेच घडवला होता.

सह्याद्रीतल्या रानगव्यांसाठी झटणाऱ्या 'सह्यसोयरे' न्यासाला एके काळी देणगीदार मिळवताना नाकी नऊ येत. सभासदाला एक कॅलेंडर, एक टोपी आणि आभाराचे पत्र मिळे. दुसऱ्या वर्षी तो फिरकत नसे. मग ऋजुताने गंधखूण शोधून काढली. घामाच्या रंध्रांत वस्ती करणारे निरुपद्रवी जिवाणू एकदा टोचले, की सभासदाच्या अंगाला जन्मभर मंद, शिळ्या मोगऱ्यासारखा वास येई. तोच वास तिने रानातल्या मिठाच्या ढेपांना दिला. मीठ चाटता चाटता गव्यांनी त्या वासाला आपला मानले आणि सभासद कळपात बिनघोर फिरू लागले. पुढे तर मीठ कधीही न चाखलेली वासरेसुद्धा सभासदांना येऊन बिलगू लागली. न्यासाने 'जन्मजात मैत्री' अशी जाहिरात केली आणि सभासदांची रीघ लागली.

त्या रिघेत इंद्रसेन रणदिवे आला. सर्वांत मोठा देणगीदार, म्हणून न्यासाचा आश्रयदाता. गेल्या दसऱ्यानंतर तो एकटाच कळपात गेला. कळपाची म्होरकी, थोरली, त्याचा तळवा हुंगायला पुढे आली आणि त्याने तिच्या कपाळात गोळी घातली. अंगावर आली, असे त्याने सांगितले. विश्वस्तांनी माना डोलावल्या. एकाने तर ऋजुताला बाजूला घेऊन सांगितले, "मोठी माणसं आहेत, सांभाळून घ्या."

थोरलीचे डोके आता रणदिवेच्या दिवाणखान्यात होते. ऋजुताने ते पाहिले होते, त्याच्याच घरच्या जेवणावळीत. त्या रात्री तिच्या घशाखाली घास उतरला नाही. आजही तो माणूस आठवला की तिच्या मुठी आपोआप वळत.

"म्हणजे याची आई त्या दिवशी तिथे होती," ती म्हणाली.

"हो, आणि गाभण होती. मॅडम, मैत्री ज्या वाटेने वासरात उतरली, त्याच वाटेने ही भीतीही उतरली. जबर धक्का बसला की जनुकांवर रासायनिक खुणा उमटतात. पण तिथली जागा पाटीसारखी आहे. नवीन लिहायचं तर जुनं पुसलं जातं. आईच्या डोक्यात मीठही असतं आणि गोळीही, दोन्ही भांडत राहतात. वासराला मात्र फक्त शेवटचं लिहिलेलं मिळतं."

"आणि वासरू बिथरलं की?"

"मग गवी विचार करत बसत नाही. ती वासराची बाजू घेते." शकीलने चष्मा काढला. "त्या कळपात आता अशी वासरं हुंदडतायत. सगळ्या सभासदांना कळवायला हवं. सगळ्यांचा वास एकच आहे."

"आजच कळव. रान बंद."

"रणदिवेंना?"

"आश्रयदात्यांना बंदी लागू होत नाही. ती अट त्यांनीच घालून घेतलीय."

शकील तिच्याकडे बघतच राहिला. "मॅडम, निदान सांगा तरी त्यांना."

"सांगते ना. मी स्वतः सांगते."

"आणि तुमच्या अंगाचा वास? तुम्हालाही रान बंद झालं."

"झालं तर झालं. माझी चिमी येतेच की दाराशी."

चिमी म्हणजे ऋजुताने बाटलीने दूध पाजून वाढवलेली गवी. कळपात परतली तरी दर संध्याकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी येऊन ती ऋजुताच्या हातून मीठ खाई. थोरली गेली त्या संध्याकाळीही ती आली होती. त्या दिवशी तिने मिठाला तोंड लावले नव्हते, नुसती ऋजुताला खेटून उभी राहिली होती. तीही आता दिवसांत होती.

ऋजुताने रणदिवेला फोन लावला.

"रान बंद केलंय, रणदिवेसाहेब. गवे बिथरलेत. सभासदांनी जवळ जाणं धोक्याचं आहे."

"अहो डॉक्टरबाई, मी का तुमचा वर्गणीवाला आहे?" तो मोकळेपणी हसला. "यंदा मला नर हवाय, दिवाणखान्यात जोडी शोभेल. आणि माझ्यापाशी येतील हो ते. मला ओळखतात."

"हो," ऋजुता म्हणाली. "ओळखतात."

तिने एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता.

जे झाले, ते मिठाच्या जागेवरच्या कॅमेऱ्याने टिपले. रणदिवे बंदूक खांद्याला अडकवून, शीळ घालत आला. प्रथम एक वासरू हंबरले, मग दुसरे. तो हसला आणि त्याने मोठ्या ऐटीत तळवा पुढे केला, थोरलीपुढे केला होता तसाच. वासरांच्या मागून गव्या आल्या. बंदूक खांद्यावरून उतरवायलाही त्यांनी वेळ दिला नाही.

ऋजुताने ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिले. शकील उठून बाहेर गेला, पण ती हलली नाही. तिला वाईट वाटले नाही. महिन्यांमागून महिने छातीत रुतलेले काहीतरी सुटले आणि तिला कडकडून भूक लागली. ती पोटभर जेवली.

त्यानंतर काही दिवस चिमी आली नाही. मग एका संध्याकाळी मागच्या दाराशी ओळखीचे फुरफुरणे ऐकू आले. ऋजुता मिठाचा खडा घेऊन धावली. चिमी उभी होती, आणि तिच्या पोटाखाली नुकतेच जन्मलेले, सोनेरी-तांबूस वासरू.

"अगं बाई! मला दाखवायला आणलंस?" ऋजुताचे डोळे भरून आले. कुंपणाचे फाटक उघडून ती पुढे झाली. चिमीने नेहमीसारखी मान लांब करून तिचा हात हुंगला.

वासरानेही हुंगले. त्याचे चारही पाय लटपटू लागले. त्याने मान खाली घातली आणि खुराने माती उकरली.

म्हणजे थोरली गेली त्या दिवशी चिमी तिथे होती. तिने सगळे पाहिले होते. रक्ताच्या वासाबरोबर हाही वास घेतला होता, आणि तरीही त्या संध्याकाळी, नंतरच्या प्रत्येक संध्याकाळी, ती या वासाजवळ येऊन उभी राहिली होती. तिने ऋजुताला वेगळे ओळखले होते. वासराला मात्र ते देता आले नव्हते.

"चिमे, मी आहे गं," ऋजुता पुटपुटली. "मी."

वासरू केविलवाणे हंबरत धावून आले आणि त्याचे कपाळ तिच्या गुडघ्यावर आदळले. हातातला खडा खाली पडला.

चिमीने त्या खड्याकडे पाहिले, ऋजुताकडे पाहिले, मग वासराकडे. आणि तिने मान खाली घातली.