मंदाबाईचं चोरलेलं गाणं

"शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं दरेकसा, तिथून पायी कचारगडच्या गुहा," रंजितानं तलावाच्या पाळीवर सायकल आडवी टाकत जाहीर केलं. "आणि गुड्डू, या वेळी डबा गाडीतच संपवायचा नाही."

"मी कुठं संपवतो? माह्या पोटाले सांग ते," गुड्डू म्हणाला.

रंजिता राहायची फुलचूरला. दिवाळीची सुट्टी लागली, की ती मामाच्या गावी, पिंपळटोल्याला यायची. बुद्धभूषण, चंदा आणि गुड्डू तिथलेच. चौघांत गुड्डू सगळ्यांत लहान, अकरा वर्षांचा. पण मतं मात्र आमदाराइतकी.

"मी सरपंच झालो ना, तर पहिला ठराव भोंगे बंद करायचा," तो सांगू लागला. "निवडणूक आली का सकाळपासून कान खाऊन राहतात."

"अना मंडईतला डीजे?" बुद्धभूषणनं विचारलं. तो ढोलकी वाजवायचा आणि डीजेवर त्याचा जुना राग होता. "त्यात ताल नसतो, नुसता पोटात धक्का असतो."

"डीजे राहू दे. त्यावर नाचता येते."

"म्हणजे तुझा ठराव तुझ्या सोयीचा. खरंच पुढारी होशील तू," रंजिता म्हणाली, आणि तिघं हसले.

चंदा हसली नाही. ती दगड उचलून पाण्यात फेकत होती, एकामागून एक. काय झालं ते विचारायच्या आधीच कारण पाळीवरून धुरळा उडवत आलं. प्रचाराची पिकअप गाडी, वर दोन भोंगे, बाजूला उमेदवार दुर्गाप्रसादभाऊंचा हात जोडलेला फोटो. आणि भोंग्यातून गाणं:

*हिरवी झाली बांधी माय, गारा लागला पायाले,*
*दुर्गाप्रसादभाऊच्या दारी धान येऊ दे मापाले...*

"हा तर मंदामावशीचा आवाज," रंजिता चकित होऊन म्हणाली.

"आवाज मायचाच आहे," चंदा दात आवळून म्हणाली. "पण माय त्याच्यासाठी गायली नाही. तीन दिवस झाले, सांगून सांगून तिचा घसा बसला. कोणी ऐकतच नाही."

प्रकरण असं होतं. चंदाची आई मंदाबाई रोवणीच्या बायांची म्होरकी. बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, गाऱ्याच्या चिखलात वाकून बारा बाया भात लावायच्या तेव्हा पहिली ओळ ती उचलायची आणि बाकीच्या मागून झेलायच्या. उन्हाळ्यात याच बाया तिच्यामागून ग्रामसभेत गेल्या होत्या. तलावाचं गेट फुटलं होतं, पाणी फुकट नाल्यात जात होतं, आणि दुर्गाप्रसादभाऊ तीन वर्षं नुसतं "करतो, करतो" म्हणत होते. गेट अजून फुटकंच होतं. आणि आता त्याच भाऊंच्या गाडीवर मंदाबाईचं गाणं! बायांना वाटलं, ही फितूर झाली. धानाच्या कापणीला सगळ्या गेल्या, तिला कोणी हाकसुद्धा मारली नाही. रविवारच्या मंडईच्या जत्रेत दंडारीच्या खेळाचं पहिलं गाणं दरवर्षी तिचं असायचं. या वर्षी दंडार मंडळाच्या कवडूबाबांनी निरोप धाडला, की येऊ नको.

"माय तीन दिवसांत गुणगुणलीसुद्धा नाही," चंदा म्हणाली. "भाकरी थापताना गाते ना ती. आता नुसता थपथप आवाज येते."

मग गुड्डूनं एक मोठा सुस्कारा सोडला.

"कचारगड कुठं पळून नाही जात," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे निघणं म्हणजे त्यागाची परमावधीच होती.

गाडी गावात थांबली तेव्हा रंजितानं मामीच्या मोबाइलवर ते गाणं टिपून घेतलं. बुद्धभूषणच्या घरामागच्या पडवीत चौघं डोकी जोडून बसले. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. पाचव्यांदा बुद्धभूषणनं हात वर केला.

"थांब. मागं काय ओरडून राहिलं?"

"सारस," चंदा लगेच म्हणाली. "जोडीनं ओरडतात ते. आपल्याकडं एकच जोडी आहे, खेमराजकाकाच्या बांधीत. तिथंच घरटं होतं त्यांचं पावसाळ्यात."

"बरोबर. आता नाव येते तेव्हा ऐका." त्यानं पुन्हा लावलं. सारसाची हाक सुरू झाली, आणि 'दुर्गाप्रसादभाऊ' येताच मधेच तुटली. नाव संपलं की पुन्हा अर्धवट हाक. "पक्षी काय नाव ऐकून गप बसला? तिथं कापून जोडलं आहे. अना दुसरं सांगतो. सगळं गाणं गायलं आहे, पण नाव गायलेलं नाही. बोललेलं आहे."

"तेही रागानं," चंदा हळूच म्हणाली. "मी शेळी बांधायची विसरली, का माय माझं नाव असंच घेते."

मंदाबाई दुर्गाप्रसादभाऊंवर रागावून बोलली होती, अशी जागा आख्ख्या गावात एकच होती. ग्रामसभा.

"म्हणजे मावशीची तक्रार कापून त्यातूनच भाऊंची स्तुती बनवली?" रंजिता उठून उभीच राहिली. "ही तर हद्द झाली!"

"अना ही शेवटची ओळ आहे," चंदा आता भरभर बोलू लागली. "धान मापाले येऊ दे, हे रोज नाही गात. रोवणीचा शेवटचा दिवस असला, शेवटची बांधी लावून होत आली, तेव्हाच माय ही ओळ घेते. मालकाचं नाव टाकून. एरवी ती ओळ तोंडातसुद्धा आणत नाही, अपशकुन होते म्हणते."

झालं. जागा कळली, दिवस कळला. ज्या माणसानं हे गाणं चोरलं, त्याला बांधीची ही रीत माहीत नव्हती. पुसून टाकलेल्या नावाच्या जागी तो भाऊंचं नाव चिकटवून मोकळा झाला होता.

खेमराजकाका खळ्याची जागा सारवून घेत होते. त्यांनी गाणं ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "शेवटच्या दिवशी? हो, प्रफुल आला होता ना. माझा भाचा. फुलचूर नाक्यावर साउंडचं दुकान आहे त्याचं. मोबाइल घेऊन फिरत होता बांधावर. रील बनवतो म्हणाला. मी म्हटलं, बनव बाबा, कोणाचं काय जाते."

कोणाचं काय गेलं, ते चंदाच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार सायकली फुलचूर नाक्यावर उभ्या राहिल्या. प्रफुलचं दुकान भोंगे, वायरी आणि चहाच्या रिकाम्या कपांनी भरलं होतं.

"बोल छोटू, क्या चाहिये?"

"माह्या मामाचं लगन आहे," गुड्डू छाती काढून म्हणाला. "गाण्यात मामाचं नाव पायजे. पण तुमाले जमणार नाही. अवघड काम आहे."

हा बाण बरोबर लागला. "मला जमणार नाही?" प्रफुलनं खुर्ची फिरवली. "दुर्गाप्रसादभाऊंचं गाणं ऐकलं का? मैने बनाया. बाई गाऊन राहिली कोणासाठी, नाव निघते कोणाचं. कोणाला पत्ता नाही लागला."

"पण त्या बाईच्या आवाजात नाव आलं कुठून?" रंजितानं डोळे मोठे केले.

"ग्रामसभेचा व्हिडिओ होता. बाई कडाडून भाऊच्या अंगावर चालली होती. मी तेवढं नाव उचललं, बाकी फेकलं." तो हसला. "भाऊ खूश."

"बाईला विचारलं होतं?" चंदानं विचारलं. रंजितानं तिच्या पायावर पाय ठेवला, जरा जोरातच.

"विचारायचं काय त्यात, बेटा? आवाज हवेत असते. हवेचा कोणी मालक असते का?"

चंदाचं तोंड लालबुंद झालं. एक घर चार दिवस मुकं झालं होतं, आणि हा गडी हवेचा हिशेब सांगत होता. बुद्धभूषण चटकन पुढे झाला.

"दादा, मूळचं गाणं द्या ना. ढोलकीवर बसवायचं आहे."

"पेनड्राइव्ह आहे? घेऊन जा आख्खं फोल्डर. मले निवडत बसायले टाइम नाही." आणि त्यानं खरोखरच आख्खं फोल्डर त्यांच्या हवाली केलं. रोवणीचं मूळ गाणं, ग्रामसभेचा पूर्ण आवाज, सगळं. चोरानं चोरीचा माल पिशवीत घालून दारापर्यंत पोचवावा, तसं झालं.

गावात परतल्यावर ते आधी कवडूबाबांकडे गेले. सरळ मार्ग तोच होता. पण मंडईची तयारी चालली होती आणि बाबांना फुरसत नव्हती.

"लहान तोंडी मोठा घास घेऊ नका," ते म्हणाले. "आवाज तिचा आहे, मी माझ्या कानानं ऐकला. पळा."

"पुरं ऐकून तर घ्या," बुद्धभूषण म्हणाला.

"पळा म्हटलं ना!"

बाहेर आल्यावर रंजिता म्हणाली, "बायांना मोबाइलवर ऐकवू. एकेकीच्या घरी जाऊ."

"नाही," चंदा म्हणाली. "मायची बदनामी काय घरोघर जाऊन हळूच केली होती? भोंग्यावरून केली. भोंग्यावरूनच धुतली पायजे."

रविवारी दुपारी मंडई भरली. पाळण्यांची रांग, जिलेबीच्या कढया, गावोगावचे पाहुणे. मांडवात दंडार उभी राहणार होती. पुढच्या खुर्चीवर दुर्गाप्रसादभाऊ हार घालून बसले होते, आणि भोंग्यांची जबाबदारी प्रफुलवर होती. त्याच्या एका हातात मोबाइल होता आणि लक्ष जिलेबीकडे.

"दादा, हे लावा. दंडारीच्या आधीचं गाणं आहे," रंजितानं पेनड्राइव्ह पुढे केला.

दंडारीच्या आधी वाजणार होतं, तेव्हा यात खोटं काहीच नव्हतं. प्रफुलनं विचारलंही नाही. पेनड्राइव्ह खोचला, बटन दाबलं आणि जिलेबीवाल्याकडे निघाला.

*हिरवी झाली बांधी माय, गारा लागला पायाले,*
*खेमराजभाऊच्या दारी धान येऊ दे मापाले...*

मागं सारसांची जोडी पुरी हाक देत होती, कुठंही न तुटता. मांडवातली कुजबुज थांबली. कवडूबाबांनी मान वर केली. गाणं संपलं आणि लगेच भोंगे कडाडले:

"दुर्गाप्रसादभाऊ! तीन साल झाले, तुमी सांगून राहिले का गेट करतो. पाणी रोज नाल्यात वाहून राहिलं. आमी उन्हाळी धान कायले लावावं? मतं मागाले येता, तवा तलाव दिसत नाही का तुमाले?"

प्रफुल जिलेबी टाकून धावला. पण मशीनसमोर बुद्धभूषण ढोलकी घेऊन मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या मागं गुड्डू दोन्ही हात पसरून उभा होता.

"विरोधकांचं काम आहे हे," दुर्गाप्रसादभाऊ उठून म्हणाले. "पोरांना शिकवून पाठवलं कोणी तरी."

"आमाले कोणी शिकवलं नाही," चंदा मांडवाच्या मधोमध येऊन म्हणाली. "तुमी माह्या मायचा राग कापला अना त्यातून तुमचं नाव घेतलं. शेवटच्या बांधीचं गाणं ते. कोणाच्याही दारी नाही गात ते. अना हा प्रफुलदादा म्हणते, हवेचा कोणी मालक नसते."

"गाणं माझ्या बांधीतलं आहे," मागून खेमराजकाका म्हणाले. "नाव माझं आहे त्यात. अन् चूक माझीही आहे, त्याला मीच फिरू दिलं."

सगळ्यांच्या माना प्रफुलकडे वळल्या. तो भाऊंकडे बघू लागला आणि भाऊ आपल्या हाराकडे. "भाऊंच्या माणसानंच सांगितलं होतं," प्रफुल पुटपुटला. "मी नुसतं जोडलं."

रोवणीच्या बायांतली अन्नपूर्णाबाई पदर खोचून उठली. "ते राहू द्या. आवाज तर ऐकला सगळ्यांनी. गेटाचं सांगा, भाऊ. कवा करता?"

भाऊंना अचानक दुसऱ्या गावची मंडई आठवली. ते गेले, आणि त्यांची पिकअप गाडीही गेली, भोंगे बंद करून.

भोंग्याचं एक बरं असतं, घरात दार लावून बसलेल्यालाही तो सोडत नाही. आपलाच आवाज ऐकून मंदाबाई आली होती. हाताला पीठ लागलेलं, तशीच मांडवाच्या कडेला उभी. बाया बाजूला झाल्या. तिच्याकडे सरळ बघायची कोणाला हिंमत होत नव्हती.

"शाब्बास रे पोरांनो," कवडूबाबा घसा साफ करून म्हणाले. "गावाची इज्जत राखली तुमी."

"शाबासकी मंग द्या, बाबा," चंदा म्हणाली. "आमी सांगाले आलो तर तुमी पळा म्हटलं. पहिले मायले बोला."

सत्तरीच्या कवडूबाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "चुकलो, मंदाबाई," ते म्हणाले. "पहिलं गाणं तुझंच आहे. गाशील?"

मंदाबाईनं मान हलवली. हो की नाही ते कळेना. मग तिनं हाताचं पीठ पदराला पुसलं आणि पुढं आली. बुद्धभूषणनं ढोलकीवर हळूच थाप दिली.

पहिली ओळ तिनं घेतली. इतके दिवस मुका राहिलेला आवाज जरा घोगरा निघाला. बाया मागून झेलू लागल्या. दुसऱ्या ओळीशी, जिथं नाव यायचं तिथं, ती थांबली. शेवटच्या बांधीबाहेर ही ओळ तिनं कधी घेतली नव्हती, आणि आता कोणाचं नाव घ्यावं तेही कळेना. बुद्धभूषण तीच थाप पुन्हा पुन्हा देत राहिला.

तेव्हा अन्नपूर्णाबाईनं तिचा हात धरला आणि मोठ्यानं ओळ उचलली. तिच्यामागून बाकीच्या साऱ्या बायांनी.

*मंदाबाईच्या दारी धान येऊ दे मापाले...*

चंदा रडू लागली. रंजितानं तिला रुमाल द्यायला हात पुढे केला, तर रुमालात गुड्डूनं जिलेबी बांधून ठेवलेली होती.

"कचारगडसाठी ठेवली होती मी," तो म्हणाला, आणि तीही त्यानं तिला देऊन टाकली.