आल्बिनाची किल्ली

बोळिंजच्या फ्लॅटच्या किल्ल्या परत करायच्या, एवढंच त्या संध्याकाळचं काम होतं. करार संपायला बराच अवकाश होता, पण रेजिनाचं लग्न दुसऱ्या दिवशीच होतं. तिच्या सासरी, गासच्या वाडीत, मागे एक खोली रिकामी होती.

"सुहासिनीताई, तुम्ही इथे एकट्या राहायचं नाही," तिनं मला बजावलं होतं. "मी तुम्हाला आंदण म्हणून नेणार."

करार तिघींच्या नावावर होता. मी शाळेत मास्तरीण, दुसरी रेजिना. तिसरी आल्बिना. वालीवला मोज्यांच्या कारखान्यात होती. सगळ्यांत शेवटी, दिवेलागणीला घरी यायची. दार उघडायला कुणाला उठवायला नको म्हणून आपली किल्ली गळ्यातल्या रोझरीच्या जपमाळेलाच बांधून ठेवायची. श्रावणात ती तापानं गेली. घाईत कुणीतरी तीच रोझरी तिच्या हातांत गुंडाळली. शवपेटीचं झाकण बसलं आणि रेजिनानं माझा दंड धरला.

"ताई... किल्ली!"

रडता रडता आम्हाला हसू फुटलं. फादरनी वळून पाहिलं.

पुढचं सांगते. विश्वास ठेवा, नका ठेवू. त्यानंतर रोज, चर्चची घंटा थांबली की आमच्या दाराचं लॅच फिरायचं. खट्... खट्... दार मात्र उघडायचं नाही. फटीतून ओल्या मातीचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास आत यायचा. रेजिना स्वयंपाकघरातून ओरडायची, "आल्बू, चपला बाहेर काढ गं!" आम्ही हसायचो. पण त्यानंतर थोडा वेळ दोघींपैकी कुणीच दाराकडे जायचं नाही.

घरमालक शत्रुघ्न तुळिंजहून आला आणि सामानाच्या पेटीवर बसला.

"तीन दिल्या, तीन परत घेणार. हे लॅच माझ्या भावानं मस्कतहून आणलंय. याची डुप्लिकेट इथे कुणाचा बाप बनवू शकत नाय."

"नवं लॅच बसवून देतो आम्ही," रेजिना म्हणाली.

"आणि भाऊ आला की त्याला काय दाखवू? किल्ली नसेल तर मुदत पुरी करा."

"मग मी राहते," मी म्हणाले. "रेजिना, तू जा."

"आंदण मागे ठेवून नवरी जाते का कधी?" ती थट्टेनं बोलली, पण डोळे भरले होते.

मला आणखी एक बोच होती. आम्ही दोघी गेल्यावर इथलं लॅच फिरवून आल्बिना कुणाकडे येणार?

तेवढ्यात लाइट गेले. चर्चची घंटा सुरू झाली. घंटा थांबली.

खट्... खट्...

"कोण आहे?" शत्रुघ्ननं विचारलं.

त्या दिवशी पहिल्यांदाच दार उघडलं, हळूहळू, भिंतीला टेकेपर्यंत. जिना रिकामा होता. मातीचा वास घरभर पसरला. बाहेरून लॅचमध्ये किल्ली तशीच होती, अजून हलत होती.

शत्रुघ्ननं ती ओढून काढली. तिच्या दात्यांत तांबडी माती भरली होती.

"ही... होती ना तुमच्याकडे? मग आधी का नाय बोललात?"

तिन्ही किल्ल्या खिशात टाकून तो खाली गेला. चपला विसरला, त्या घ्यायला परत आला नाही.

रेजिनानं उंबऱ्यात उभं राहून अंधाराला सांगितलं, "आल्बू, उद्या गासला यायचं हं. बँड सांगितलाय!"

आणि काय लग्न झालं! बँडवाल्यांनी वाडी दणाणून सोडली. नवऱ्याची आजी मटिल्डा केळीखाली उभी राहून मला म्हणाली, "नाच गं मास्तरीण, आंदण काय बसून राहतं?" मी नाचले. किती वर्षांनी!

नव्या खोलीसाठी मी विरारच्या बाजारातून कुलूप घेतलं होतं. त्याला तीन किल्ल्या मिळाल्या. एक माझ्या पर्समध्ये, एक रेजिनाला दिली, एक दाराआड खिळ्याला अडकवली.

वरात आटोपून खोलीवर आले. कुलूप जसंच्या तसं होतं. ते काढून आत गेले, तर खिळा रिकामा. रेजिनाला विचारलं, तिची तिच्याजवळच होती.

खिळ्याखाली, नव्या चुन्यावर, तांबड्या मातीचं एक बोट उमटलं होतं. ओलं होतं.

ते मी पुसलेलं नाही. दिवेलागणीला दाराबाहेर चपलांच्या एका जोडाची जागा मात्र मोकळी ठेवते.