पाहुण्याला न सापडलेली चूक

प्रेम म्हणजे एका जीवाने दुसऱ्या जीवाला पहिल्या नजरेत ओळखणं, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. तिला त्याने पहिल्या नजरेत ओळखलं ते असं — "तुम्ही प्रिंटरवाल्या ना?"

ती तेव्हा ऑफिसच्या टेबलाखाली पडलेलं कानातलं शोधत होती. वर येताना डोकं आपटलं, डोळ्यांपुढे तारे चमकले, आणि त्या ताऱ्यांमधून एक उंच, निथळणारा तरुण दिसला. छत्री मिटत नव्हती म्हणून तो ती उघडीच घेऊन आत आला होता.

"मी प्रोग्रामर आहे," ती टाळू चोळत म्हणाली. "आपण?"

"मी... दुसऱ्या शाखेतून आलोय. तुमच्या ॲपमधली चूक शोधायला."

ॲप प्राण्यांच्या दवाखान्याचं. घरबसल्या आपल्या कुत्र्यामांजराचं नाव लिहायचं आणि डॉक्टरची वेळ घ्यायची. पण नावाची दोन अक्षरं लिहिली, की ती आपोआप पुसली जात. सगळ्या ऑफिसने हात टेकले, तेव्हा हा माणूस मागवला गेला. चूक सापडेपर्यंत मुक्काम, सापडली की परत आपल्या गावी. ऑफिसने त्याचं नावच ‘पाहुणा’ पाडलं.

हल्ली ॲपचा पडदा बनवण्याची रीत न्यारी आहे. प्रोग्रामरने फक्त सांगून ठेवायचं — परिस्थिती अशी असेल, तर पडदा असा दिसावा. परिस्थिती बदलली की पडदा स्वतःला नव्याने काढून घेतो. ऐकायला संसारासारखं सोपं. आणि बिघडलं की नेमकं कोणामुळे बिघडलं ते कळत नाही, हेही संसारासारखंच.

पाहुणा ओळखपत्र काढून घ्यायला खाली गेला. इकडे ‘प्रिंटरवाल्या’ हा शब्द तिच्या डोक्यात टेंगळासारखा ठणकत होता. तिने ईर्ष्येने कोडमध्ये एक ओळ घातली. ती ओळ पडद्याला विचारते, ‘बाबा रे, तू आत्ता का बदललास?’ पडद्याने निमूटपणे उत्तर दिलं. तो परत येईपर्यंत चूक सापडली होती, तिच्या संगणकावर दुरुस्तही झाली होती.

"घ्या, कॉफी," तो म्हणाला. केस वाळून कपाळावर आले होते. "मघाशी चुकलो... प्रिंटरवाल्या बाई तुमच्याइतक्या रागाने बघत नाहीत."

तिने तोंड उघडलं. ‘सापडली’ हा शब्द ओठांवर आला, कॉफीचा घोट आला, आणि दोघांनाही तिने एकदमच गिळलं.

ऑफिसने त्याला पलीकडे वेगळं टेबल आणि संगणक दिला होता, तरी दुसऱ्या दिवसापासून तो तिच्याशेजारी खुर्ची टाकून, तिच्याच संगणकावर शोधू लागला. त्याने पडद्याच्या प्रत्येक तुकड्याला असं बांधून दिलं, की नव्याने काढला गेला की त्याने रंग बदलावा. सरड्याने राजीनामा द्यावा अशी योजना. पण पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं रंग पालटत राहिलं. बाकी सगळा पडदा शहाण्या मुलासारखा गप्प.

"अजब आहे," पाहुणा पुटपुटला. "काही कारण नसताना रंग बदलणारा तुकडा हवाय मला." मग तिच्याकडे बघून म्हणाला, "तुमचा बदलतोय."

"ऊन आहे."

"बाहेर पाऊस पडतोय."

"मग... कॉफी गरम आहे."

"कप रिकामा आहे हो."

घरी तिच्या ताईचं वेगळंच संशोधन चालू होतं. "हल्ली ऑफिसला जाताना काजळ?"

"स्क्रीनमुळे डोळे दुखतात गं."

"आणि अत्तर? कीबोर्डला वास येतो?"

असे गोड दिवस चालले होते. पण लोकांच्या हातात जुनंच ॲप होतं, आणि त्यात नावं पुसली जातच होती. एका दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पाहुण्याने घेतला. बाईंचा आवाज फोनबाहेर सांडत होता. "अहो, एक आजी पोपटाचं नाव लिहून लिहून दमल्या! पाऊस डोक्यावर घेत पिंजऱ्यासकट इथे आल्या! तुम्ही करता काय तिथे?"

"बाई, माझंच अपयश आहे," तो म्हणाला आणि फोन हळूच खाली ठेवला.

मग पडद्याकडे बघत म्हणाला, "मी साहेबांना कळवतो. मला जमत नाहीये. उद्या दुसरं कोणीतरी येईल."

ज्याला थांबवायला चूक दडवली, तो त्या चुकीपायीच निघाला होता. शिवाय मान खाली घालून.

"थांबा." ती खुर्ची सरकवत त्याच्याजवळ आली. आधी तिने बटण दाबलं. दुरुस्ती दवाखान्याकडे रवाना झाली. आता त्याला अडवायला तिच्या हातात काहीच उरलं नाही. "चूक सापडलीय."

"कधी?"

"तुम्ही आलात त्याच दिवशी." ती खाली बघत भराभर बोलू लागली. "घड्याळ पुढे सरकलं की प्राण्यांच्या नावांची सगळी यादी नव्याने बनत होती, आणि तिच्यातल्या प्रत्येक ओळीला नवी ओळख मिळत होती. ओळीला वाटायचं, मी आत्ताच जन्मले. मग आधी लिहिलेलं कसं आठवणार? मी घड्याळ वेगळं काढलं आणि प्रत्येकीला एकच, कायमची ओळख दिली. पण... पाठवलं नाही. इथेच ठेवलं."

"म्हणजे मी इतके दिवस नसलेली चूक शोधत होतो?"

"हो."

"का पण?"

पडद्याला हा प्रश्न विचारणं किती सोपं होतं... "सापडली असती, तर तुम्ही गेला असता ना."

खिडकीवर पावसाचे थेंब एकमेकांत मिसळत खाली उतरत होते.

"या धंद्यातला पहिला धडा सांगू?" तो अखेर म्हणाला. "ॲपची जी प्रत बिघडलीय, तीच उघडून बघायची. शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं."

"मग तुम्ही का नाही बघितली?"

"ती माझ्या टेबलावरच्या संगणकात होती."

"मग?"

"मग... तिकडे जाऊन बसावं लागलं असतं."

तिने वर पाहिलं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "जावं तर लागेल. पण शनिवारी येईन. काही चूक नसली तरी."

"मी एखादी करून ठेवीन," ती म्हणाली आणि हसली. मग तिला दिसलं, त्याचे डोळे पाण्याने भरले होते. ओठ थरथरत होते. एवढं प्रेम! "अरे, इतकं काय लावून घेतोस मनाला? आता तुझ्यापासून काही लपवणार नाही. तुला काय हवं ते सांग..."

"सांगू?"

"सांग ना."

"खुर्ची जरा मागे घे. चाक माझ्या पायावर आहे."