हार घातलेली गाडी

कोळवणच्या खाचरांवरचं धुकं नुकतंच विरत होतं. रंभाबाईंच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लाल स्पोर्ट्‌स गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. त्यातली एक सुरू होत नव्हती.

"रोटर काढून नेलाय," विठ्ठलराव म्हणाले. "लिंबाएवढा तुकडा, पण तो नसला की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. माझी गाडी एकोणीसशे साठची. हा भाग आता कुठे मिळत नाही."

खासगी गुप्तहेर मेधा सबनीस बॉनेटमध्ये वाकून पाहत होती. तिचे शेजारी चंद्रकांतकाका बँकेतून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक तपासात तिच्याबरोबर असत. ते गाड्यांकडे आळीपाळीनं पाहत होते.

"यातली खरी कुठली?" त्यांनी विचारलं.

"डावीकडची माझी. उजवीकडची उत्कर्षाची. माझ्या गाडीची मापं घेऊन तिनं घोटावड्याच्या वर्कशॉपमध्ये बनवलीय. अंग फायबरचं, इंजिन मात्र त्याच कंपनीचं, जुन्या बाजारातलं. सगळे म्हणतात रोटर तिनंच काढला. मला पटत नाही, म्हणून तुम्हाला पौडहून बोलावलं."

जुन्या गाड्यांच्या क्लबचं प्रदर्शन समोरच्या मैदानात होतं. गाडी स्वतःच्या इंजिनावर तिथपर्यंत आली पाहिजे, नाहीतर बाद, असा नियम होता. प्रतिकृतींना यापुढे प्रदर्शनात जागा द्यायची का, यावर दुपारी क्लबची सभा होती. उत्कर्षावर आळ राहिला तर सभेचा निकाल सांगायला ज्योतिषी नको होता.

मेधानं भिंतीशी ठेवलेल्या नंबरप्लेटी उचलून पाहिल्या.

"पॉलिशसाठी काल संध्याकाळी दोन्ही गाड्यांच्या काढल्या," विठ्ठलराव म्हणाले.

उत्कर्षा ओट्यावर बसली होती. "माझ्याकडे जादा रोटर आहे. विठ्ठलकाकांच्या रोटरवरून मीच दोन बनवले होते. सकाळीच देऊ केला. क्लबचे सचिव, कौस्तुभसर म्हणाले, नकली भाग बसवला तर गाडी अस्सल वर्गातून बाद. वर म्हणाले, जादा भाग तयारच होता, सोयीचं आहे."

"पहाटे इथे कोण होतं?"

"रंभाबाई पूजेला आल्या होत्या. त्या गेल्यावर मी आंघोळीला गेले. परत येऊन माझ्या गाडीवरचा हार काढला, कुंकू पुसलं. पॉलिशवर डाग पडतात. मग नऊला सगळे येईपर्यंत इथेच होते." तिनं आवाज खाली आणला. "हार डिकीत आहे, ताई. त्यांना सांगू नका."

रंभाबाई या जागेच्या मालकीण. त्यांनी आधी चंद्रकांतकाकांच्या हातावर खोबरं ठेवलं, मग उत्तरं दिली.

"लाइट गेल्याली, चिमणी घिऊन आले. पोरीची नवी गाडी, पूजा नगं व्हय?"

"आणि विठ्ठलरावांच्या गाडीची?"

"ती लई जुनी हाय. तिची कवाच झाली आसंल की."

"तुम्ही कुणाला दिसलात?"

"न्हाई. पर परत जाताना, क्लबची मान्सं उतरल्यात त्या बंगल्याकडनं कुणीतरी येत हुतं. धुकं हुतं, वळखलं न्हाई."

क्लबचे सचिव कौस्तुभ राजवाडे खुर्चीत ताठ बसले होते.

"मी नऊला सगळ्यांबरोबरच शेडमध्ये पाय ठेवला. त्याआधी बंगल्यावर झोपलो होतो."

"नकली गाडी तुम्हाला ओळखता येते?"

"अंधारातसुद्धा. अस्सल गाडीचा रुबाब वेगळाच."

"मग आज वाईट वाटलं असेल."

"वाटणारच. मालकिणीनं हार घालून जिला मान दिला, त्याच गाडीचा रोटर पळवायचा? या पिढीला कशाची चाड नाही."

बाहेर आल्यावर चंद्रकांतकाका म्हणाले, "माणूस कडक आहे, पण मनानं चांगला. त्या गाडीसाठी किती हळहळला."

"हळहळला खरा," मेधा म्हणाली. "सगळ्यांना शेडमध्ये बोलवा."

सगळे जमल्यावर तिनं उत्कर्षाच्या गाडीची डिकी उघडली. आत झेंडूचा हार होता.

"काढला व्हय गं?" रंभाबाई म्हणाल्या. उत्कर्षानं मान खाली घातली.

"काढला म्हणूनच ती सुटली," मेधा म्हणाली. "पूजा नव्या गाडीची करतात. म्हणून हार उत्कर्षाच्या गाडीला होता. विठ्ठलरावांच्या गाडीला तो कधीच नव्हता, आणि नऊला आलेल्यांना तर कुठेच दिसला नसता. कौस्तुभसर, जुन्या गाडीला हार आहे, हे तुम्हाला कुठून कळलं?"

कौस्तुभ एकदा डिकीतल्या हाराकडे, एकदा जुन्या गाडीकडे पाहू लागले.

"कुणी सांगितलं असतं तर गाडीही बरोबर सांगितली असती. तुम्ही तो हार स्वतः पाहिलात, रंभाबाई गेल्यावर आणि उत्कर्षा परत यायच्या आत. नंबरप्लेटी नव्हत्या, वीज नव्हती. तुम्हाला नकली गाडी बंद पाडून बाद करायची होती. मान अस्सललाच मिळणार, हे तुम्ही गृहीत धरलंत, आणि बिनहाराच्या गाडीचा रोटर काढलात."

"म्हणजे," चंद्रकांतकाका सावकाश म्हणाले, "यांना अंधारात ओळखता आली नाही?"

शेडमध्ये कुणीतरी हसलं.

"रोटर विहिरीत टाकला," कौस्तुभ म्हणाले. "विठ्ठलराव, तुमच्या गाडीला मी हात लावला नसता. नऊला बॉनेट उघडलं तेव्हा कळलं. वाटलं, अंधारात चुकून हाराच्याच गाडीत हात घातला. मग पोरीवर ढकललं."

विठ्ठलरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "उत्कर्षा, तुझा रोटर आण."

"काका, पण अस्सल वर्ग..."

"गेला तर गेला. टायर, ब्रेक, नळ्या मी कितीदा बदलल्यात. ही गाडी जपायची तर तुझ्यासारखं कुणीतरी लागणारच. सभेत मी तेच सांगणार आहे. आणि आज सचिवांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल."

रोटर नेमका बसला. दुसऱ्या प्रयत्नाला इंजिन धडधडलं आणि शेडभर धूर झाला.

उत्कर्षा आपल्या गाडीकडे निघाली, तेवढ्यात रंभाबाईंनी डिकीतून हार उचलला आणि तो विठ्ठलरावांच्या गाडीवर चढवला.

"अहो, ही जुनी गाडी," चंद्रकांतकाका म्हणाले.

"आसंना. नवा भाग बसलाय न्हवं?" रंभाबाई नारळ आणायला घराकडे वळल्या. "थांबा जरा, फोडल्याबिगर कुणी हालायचं न्हाई."

दोन्ही गाड्या इंजिनं सुरू ठेवून नारळाची वाट पाहत उभ्या राहिल्या.