मधले तीन परिच्छेद

मूल्यांकन प्रयोगशाळेतल्या पडद्यावर सुवर्णा गेडामच्या निबंधाला चाळीसपैकी अकरा गुण दिसत होते, आणि ओगले सरांना ते आपणच दिल्यासारखे वाटत होते. एका अर्थी ते खरेही होते. 'गुणदर्शी' हे परीक्षक यंत्र विद्यापीठाने सरांनी तपासलेल्या एकतीस हजार उत्तरपत्रिकांवर घडवले होते. सर निवृत्त झाले, तरी मराठीचे पेपर अजून तेच तपासत होते म्हणायला हरकत नव्हती.

सुवर्णाने फेरतपासणी मागितली होती, आणि त्यासाठी विद्यापीठाने सरांना बोलावले होते. चोवीस गुण झाले नाहीत, तर तिचा संशोधनाचा प्रवेश जाणार होता. मुदत आज पाच वाजेपर्यंत होती.

"यंत्र चुकलंय," सर हलक्या आवाजात म्हणाले. "म्हणजे, मला तरी तसं वाटतं. तुम्ही बघा."

"मला अहोजाहो नका हो करू, सर," डॉ. तबस्सुम काझी म्हणाली. विद्यापीठासाठी गुणदर्शी तिनेच घडवला होता. बारा वर्षांपूर्वी ती सरांचीच विद्यार्थिनी होती. "पहिल्या वर्षाला चौदा गुण दिलेत, तेव्हा कुठे अहो म्हणाला होतात? काय आवडलं निबंधातलं?"

सरांनी चष्मा पुसला. "कविता एका नावाडिणीची आहे. सगळे तिला निरोपाची कविता म्हणतात. ही मुलगी पहिल्याच ओळीत कबूल करते, की कविता कळली नाही. मग एकेक ओळ घेत जाते. नावाडीण प्रत्येक उतारूला काहीतरी विचारते, पण सबंध कवितेत तिला कुणी एकही प्रश्न विचारत नाही. तिसऱ्या परिच्छेदात ती म्हणते, ही निरोपाची नाही, एकटेपणाची कविता आहे. मी वर्षानुवर्षं शिकवली ती. मला नाही दिसलं."

"पण विधान आधी हवं ना? तुम्हीच शिकवायचात."

"हो. आधी विधान, मग कवितेतल्या ओळींचा पुरावा, मग त्या ओळी काय करतात त्याची उकल, आणि शेवटी निष्कर्ष. हिनं पुरावा आधी मांडला आणि विधान त्यातून येऊ दिलं. तसंही चालतं की."

तबस्सुमने भारचित्र उघडले. ज्या ओळीने गुणांवर जितका परिणाम केला, तितकी ती त्यात उजळ दिसे. पहिला आणि शेवटचा परिच्छेद पिवळाधमक होता. मधले तीन काळेकुट्ट.

"बिघाड असेल," सर म्हणाले.

"मलाही तेच वाटलं. म्हणून हे तीन काढून तिथं पाटवड्यांची कृती घातली. अकराच आले. मग दुसऱ्या एका चांगल्या निबंधात घातली, तर त्याचेही आधीचे एकतीस तसेच राहिले. बेसन किती घ्यायचं तेसुद्धा लिहिलं होतं, सर."

सर हसले नाहीत.

"यंत्र सगळं वाचतं," ती पुढे म्हणाली. "पण महत्त्व कशाला द्यायचं, हे ते तुमच्या गुणांवरून शिकलं. एकतीस हजार पेपरांत मधल्या मजकुरानं तुमचा एकही गुण हललेला नाही."

सरांनी काळ्या पट्ट्यावर बोट ठेवले. "एप्रिलात दिवसाला साठ पेपर असायचे. पहिलं पान बघायचं, मग थेट शेवटचं. दोन्ही टोकं नीट असली, की मधलं असणारच, असं धरून चालायचो. सुरुवातीला वाचत असेन. नक्की नाही सांगता येत."

"माझं मधलं बरं होतं, सर," तबस्सुम म्हणाली.

सरांनी अहवाल लिहिला. आरंभी गुणवाढीची नम्र विनंती, शेवटी 'चौतीस गुण द्यावेत'. स्वतःची चूक त्यांनी मध्ये लिहिली, दोन्हीकडून सभ्य वाक्यांनी झाकून. त्याखाली पुराव्यादाखल सुवर्णाचा तिसरा परिच्छेद जोडला. असे अहवालही विद्यापीठात गुणदर्शीच वाचत असे. दहा सेकंदांत निर्णय आला: कारण दिलेले नाही. अर्ज नामंजूर.

"कारण लिहिलंय की," सर म्हणाले, आणि मग ते कुठे लिहिलंय हे त्यांना आठवले.

"अजून एकदा पाठवता येईल. पण वर लिहिलंत तर सगळ्यांना दिसेल. निकालपत्रात अहवालाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं छापतात."

साडेचार झाले होते. सर पडद्याशी वाकले. 'कदाचित तीस वर्षे मी विद्यार्थ्यांचे निबंध पूर्ण वाचलेले नाहीत,' असे त्यांनी सर्वांत वर लिहिले. वाक्य दोनदा वाचले. मग 'कदाचित' खोडले. शेवटीही हेच वाक्य लिहिले, फक्त त्याला 'म्हणून चौतीस गुण द्यावेत' एवढे जोडले.

निर्णय आला: विधान सिद्ध. मंजूर.

सरांनी भारचित्र मागितले. त्यांची पहिली ओळ झगझगत होती, शेवटचीही. मध्ये सुवर्णाचा तिसरा परिच्छेद तसाच काळा होता.

"पुरावा न बघताच मानलं यानं," ते म्हणाले. "मी खोटं लिहिलं असतं, तरी मानलं असतं."

"हो, सर," तबस्सुम म्हणाली. "तुम्हीही मानायचात."